‘तेरा हजार डॉलर गेले आणि बाहेरून काहीच दिसत नाही’: तुमच्या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार,

तुमच्या जुन्या मस्टँगच्या दुरुस्तीबद्दल माझ्या गॅरेजला दिलेला तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एकच स्टार दिलात, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. नऊ महिने वाट पाहिलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहितो.

तुमच्या तक्रारी अशा: ८,४०० डॉलरचा अंदाज देऊन १३,१५० चं बिल लावलं. चार महिने सांगून नऊ घेतले. इंजिनाला फोर-बॅरल कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा, चार तोंडांचा) हवा होता, तो सोडून पत्र्यावर आणि ब्रेकवर पैसे घातले. आणि शेवटी गाडी नुसत्या राखाडी प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाआधीच्या थरात, हातात दिली. शिवाय ‘मराठी माणूस म्हणून डोळे झाकून विश्वास टाकला’ असंही लिहिलंत. ते वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

आधी जे चुकलं ते सांगतो. वाढीव खर्चाला तुमची संमती मी फोनवर घेतली, कागदावर घेतली नाही. तुम्ही मीटिंगमध्ये होतात, ‘हो, करा’ म्हणालात, आणि मी तेवढ्यावर कामाला लागलो. आकडा लिहून पाठवायला हवा होता आणि तुमची सही येईपर्यंत हत्यार उचलायला नको होतं. वेळेचंही तसंच. थंडीत रोजच्या वापरातल्या गाड्यांची रांग लागते, कुणाला सकाळी कामावर जायचं असतं, त्या नादात तुमची मस्टँग जवळजवळ दोन महिने कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी राहिली. तुम्ही फोन केलेत तेव्हा ‘चाललंय काम’ असं उत्तर मिळालं. ते खोटं होतं, आणि त्याची मी माफी मागतो.

पण पैसे कुठे गेले, हे सविस्तर सांगायलाच हवं. तुमच्यासारखे पहिल्यांदाच जुनी गाडी घेणारे हे वाचणार आहेत.

तुमची गाडी १९६७ ची मस्टँग कूपे. व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, सुरुवात ७टी०१सी अशी. सात म्हणजे १९६७, टी म्हणजे फोर्डचा मेटूचेन कारखाना, शून्य एक म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे २८९ घनइंची व्ही-८, टू-बॅरलवाली. ती जन्मली इथेच, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, रूट १ वरच्या त्याच कारखान्यात. तो २००४ मध्ये बंद झाला. आज आपली निम्मी मंडळी त्याच रस्त्याने किराणा आणायला जातात. गाडी पहिल्यांदा आणलीत तेव्हा हे सांगितल्यावर तुमचा चेहरा कसा खुलला होता, ते माझ्या लक्षात आहे. (जाणकार मस्टँगला मसल कार नव्हे, पोनी कार म्हणतात. गंज मात्र दोघींना सारखाच लागतो.)

आता पत्र्याकडे येतो. समोरच्या काचेखाली, बॉनेटच्या मागे जाळी असते. त्या जाळीतून ताजी हवा आत येते आणि पावसाचं पाणीही येतं. आत एक बंद पोकळी आहे, तिला काउल म्हणतात. तिच्या तळाला हवेसाठी दोन भोकं आणि प्रत्येक भोकाभोवती उभी कड. पाणी त्या कडेला वळसा घालून दोन्ही बाजूंनी खाली वाहून जावं, अशी रचना. पण जाळीतून पाला आत पडतो, कडेशी साठतो, ओला राहतो, आणि वर्षानुवर्षांनी कड सडते. मग प्रत्येक पावसात पाणी थेट पुढच्या सीटसमोर, पायाखालच्या पत्र्यावर. पहिल्या पिढीच्या मस्टँगचं हे जुनं दुखणं आहे. वरून ते दिसत नाही, कारण काउलचे दोन पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेले असतात.

तुमच्या गाडीचा फ्लोअर सडला होता, ते पहिल्या दिवशीच दिसलं आणि अंदाजात धरलं. तो का सडला, हे मात्र मी त्या दिवशी तपासलं नाही. कार्पेट उचलून जाळीत दोन मग पाणी ओतलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. तपासणी अपुरी होती, म्हणूनच अंदाज चुकला. ही चूक माझी.

कळलं ते फ्लोअर बसवून झाल्यावर. रात्री पाऊस पडला, गाडी बाहेर होती, आणि सकाळी नव्या पत्र्यावर पाण्याचं डबकं. त्या आठवड्यात तुमचे बाबा भारतातून आले होते. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये नोकरी केलेला माणूस, त्यांना राहवेना. या वयात टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणे झोपले, मी वरून पाणी ओतलं, आणि आतून आवाज आला, ‘आलं, आलं, उजवीकडून आलं!’ नंतर फेंडर आणि काच काढली, एकेक स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवून वरचा पत्रा उचलला. आत पाल्याचं अक्षरशः खत झालं होतं. उजवी कड बोटाने दाबली तर पापडासारखी मोडली. ते फोटो मी तेव्हा तुम्हाला पाठवायला हवे होते. आता पाठवतो.

स्वस्तातला उपाय होता का? होता. प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, त्या सीलंट लावून भोकावर चिकटवतात. भोवतालचा पत्रा शाबूत असेल तर मीही तेच सुचवतो. तुमच्या गाडीत चिकटवायला पत्राच उरला नव्हता.

वाढलेल्या ४,७५० डॉलरचा हिशेब असा: काउलचे ३,१००, ड्रायव्हरच्या बाजूच्या फ्रेम रेलचे १,०००, आणि टायमिंग चेनच्या (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या साखळीच्या) सेटसह इंजिनाच्या कामाचे ६५०. मस्टँगला वेगळी चासी नसते, तिचा सगळा जोर फ्लोअर आणि त्याखालच्या रेलवर असतो. ती रेल स्क्रूड्रायव्हरने टोचली तर आरपार जात होती. तिच्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला असता तर गाडी फोटोत झकास दिसली असती, आणि तुम्ही मुलांना मागे बसवून तीच गाडी टर्नपाइकवर नेली असती.

ब्रेकचंही तेच. मागच्या चाकाचा सिलिंडर गळत होता, ब्रेक शू तेलकट झाले होते आणि स्टीलची नळी पक्कडीत धरताच तुटली. १९६७ पासून मस्टँगला दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला, म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी धरते. तो नवा घातला. ड्रम मात्र मूळचेच ठेवले. डिस्कचा किट घ्यायचा तुमचा विचार होता, त्याला मी नको म्हणालो, कारण बजेट तंग होतं आणि नीट जुळवलेले ड्रम आज तुम्हाला पुरेसे आहेत.

फोर-बॅरलसाठी नुसता कार्ब्युरेटर आणून चालत नाही, त्याखालचा मॅनिफोल्डही, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणारा नळ्यांचा भाग, बदलावा लागतो. फोर्डच्या त्या वेळच्या आकड्यांत टू-बॅरल २८९ ची ताकद २०० हॉर्सपॉवर आणि फोर-बॅरलची २२५, तीही जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात. तुमच्या ऑइल पॅनमध्ये मला नायलॉनचे तुकडे मिळाले. त्या काळी कॅमच्या गिअरचे दात नायलॉनचे असत, ते झिजून गळतात. चेन सुटली की इंजिन जागेवर बंद. अशा वेळी तुमचे पैसे कार्ब्युरेटरवर घालणं मला पटलं नाही. पण गाडी तुमची, निर्णय तुमचा. तुम्हाला समोर बसवून हे सांगायला हवं होतं, मी परस्पर ठरवलं.

राखाडी रंगाबद्दल. तो एपॉक्सी प्रायमर आहे, नव्या पत्र्याला ओलावा लागू देत नाही. पण तो उन्हात टिकत नाही, म्हणून गाडी गॅरेजमध्ये किंवा कव्हरखाली ठेवा. रंगाला देताना आधी तो घासून घ्यावा लागेल, हे पेंटरला सांगा. रंग वर्षभराने दिला तरी बिघडत नाही. पैसे साठवा, घाई करू नका. मस्टँगचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो, आणि पहिल्या गाडीसाठी तुम्ही हीच निवडलीत हे फार चांगलं केलंत.

रिव्ह्यू वाचून रात्रीच बिलाची फाईल काढली. काउलसाठी उजव्या बाजूचा नवा फ्लोअर अर्धा सोडवून पुन्हा बसवावा लागला. ते फेरकाम माझ्या अपुऱ्या तपासणीमुळे झालं, तरी त्याचे ४८० डॉलर काउलच्या ३,१०० मध्ये तुमच्याकडून घेतले गेले. ते परत करतो. चेक तयार आहे. त्यासाठी रिव्ह्यू बदलायची गरज नाही, तो आहे तसाच राहू द्या. ते डबकं दिसलं त्या दिवसापासून गॅरेजमध्ये एक नियम केलाय: जुनी मस्टँग आली की अंदाज लिहिण्याआधी जाळीत पाणी ओतायचं, मालकाच्या समोर.

तुमचे क्रोमचे भाग, जुनी जाळी आणि कापलेली रेल, सगळं नावाच्या चिठ्ठ्या लावून तीन खोक्यांत ठेवलंय. शनिवारी सकाळी नऊनंतर मी गॅरेजवरच असतो. बाबा अजून इथे असतील तर त्यांनाही आणा. कार्ब्युरेटरचं पुढे काय करायचं ते तिघं बसून ठरवू, आणि या वेळी कागदावर लिहून.