मॅग्नम घेण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया सविस्तर आणि मुद्देसूद लिहिलीत, त्याबद्दल आभार. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्यासारखाच विचार करून मॅग्नमकडे वळणारे बरेच जण असतात.

हौसेखातर लांब पल्ल्याची नेमबाजी करणाऱ्यांनी कोणतं काडतूस निवडावं, यावरच्या लेखात मी ६.५ क्रीडमूर सुचवलं होतं आणि पल्ला चारशे मीटरच्या आतला असेल तर .२२३ रेमिंग्टन. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. क्रीडमूरचा गवगवा जाहिरातीने झाला, ६.५ मिलिमीटरची चांगली काडतुसं त्याआधीही होती. लांब पल्ला म्हटला की ताकद हवी, त्यामुळे .३०० विंचेस्टर मॅग्नमच (थोडक्यात .३०० विन मॅग, जास्त दारूचं जोरदार काडतूस) योग्य. नळीच्या आयुष्याची चिंता हौशी माणसाने करू नये. आणि तुमचा स्वतःचा अनुभव: तुमची .३०८ विंचेस्टर रायफल आठशे मीटरपर्यंत ठीक चालते, पण नऊशेवर १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या कागदावर आडव्या उमटतात, म्हणून .३०८ विकून मॅग्नम घ्यायचा बेत आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

गोळी आडवी उमटते याचा अर्थ ती कागदापर्यंत पोहोचताना डगमगत होती. हा दोष .३०८ चा नाही, त्या गोळीच्या घडणीचा आहे. १६८ ग्रेनची ती प्रसिद्ध मॅच (स्पर्धेसाठीची) गोळी मुळात ३०० मीटरच्या स्पर्धांसाठी बनवली गेली आणि त्या अंतरावर ती आजही उत्तमच आहे. तिच्या मागच्या निमुळत्या भागाचा कोन सुमारे १३ अंश आहे. गोळीचा वेग आवाजाच्या वेगाजवळ, म्हणजे साधारण ४१० मीटर प्रतिसेकंदाच्या खाली येऊ लागला की तिच्यावरचा हवेचा दाब आणि त्याचं केंद्र बदलतं. या टप्प्यात काही गोळ्या सावरतात, काही सावरत नाहीत. १६८ ग्रेनची ही गोळी न सावरण्यासाठीच ओळखली जाते, आणि .३०८ मधून ती या टप्प्यात शिरते ती नेमकी तुम्ही सांगता त्या अंतराच्या थोडी अलीकडे. १७५ ग्रेनच्या गोळीत तोच मागचा कोन सुमारे ९ अंश ठेवला आहे, ती हा टप्पा बऱ्याच शांतपणे ओलांडते. अमेरिकी लष्कराच्या एम८५२ काडतुसात १६८ ग्रेनची गोळी होती, नंतर लांब पल्ल्यासाठी आलेल्या एम११८एलआर मध्ये १७५ ग्रेनची घेतली गेली.

एफ-क्लास (पालथं झोपून, रायफलला आधार देऊन खेळायच्या लांब पल्ल्याच्या) स्पर्धांमधल्या एफ-टीआर गटात तर फक्त .२२३ आणि .३०८ यांनाच परवानगी असते, आणि तो गट १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, नेमाने खेळला जातो. मग .३०८ तिथे पोहोचत नाही असं कसं म्हणायचं? काडतुसाची निवड म्हणजे आधी गोळीची निवड. पुंगळीवर (काडतुसाच्या धातूच्या आवरणावर) कोरलेलं नाव त्यानंतर येतं.

आता ताकदीबद्दल. तुम्ही तक्त्यातली ऊर्जेची आकडेवारी दिली आहे आणि ती बरोबर आहे, .३०० विन मॅग त्यात कितीतरी पुढे आहे. पण कागदाला भोक पाडायला ऊर्जा लागत नाही. लांब पल्ल्यावर नेम चुकतो तो वाऱ्यामुळे. अंतर लेझरने मोजता येतं, गोळी किती खाली येईल हे गणिताने काढता येतं आणि स्कोपवर तेवढं वळवता येतं. वारा मात्र डोळ्यांनी आणि अनुभवाने वाचावा लागतो.

वाऱ्याचा एक नियम शंभरहून अधिक वर्षं वापरात आहे आणि तो फार सुंदर आहे. गोळी वाऱ्याने किती सरकेल हे ती एकूण किती वेळ हवेत आहे यावर ठरत नाही. निर्वात जागेत तिला तेवढ्याच अंतराला जितका वेळ लागला असता त्याच्यापेक्षा हवेमुळे तिला जितका जास्त वेळ लागला, त्या फरकाला वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. म्हणजे मुद्दा गोळी किती जोरात निघाली एवढाच नाही. वाटेत तिने किती वेग गमावला, हा खरा प्रश्न आहे. लांब, सडपातळ, वजनाच्या मानाने कमी जाडीची गोळी वेग कमी गमावते. ६.५ ची सगळी मातब्बरी इथे आहे.

आकडे पाहा. १००० यार्डांवर ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी अडीच मीटरच्या आसपास सरकवतो, ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची चांगली मॅच गोळी पावणेदोन मीटरच्या आसपास. आणि १९० ग्रेनच्या पारंपरिक मॅच गोळीसह .३०० विन मॅग? वाऱ्यात ती क्रीडमूरपेक्षा सरस ठरत नाही. तिला मागे टाकायचं तर मॅग्नममध्ये २०० ग्रेनच्या पुढच्या लांबलचक गोळ्या घालाव्या लागतात, आणि तेव्हा खांद्याला बसणारा धक्का आणखी वाढतो.

याच गणिताने तुमच्या रोजच्या अंतरावर या. सहाशे मीटरवर वाऱ्याचा अंदाज ताशी जेमतेम तीन किलोमीटरने चुकला तर .३०८ ची गोळी वीसेक सेंटिमीटर बाजूला जाते, क्रीडमूरची तेरा-चौदा. तीनशे मीटरवर हा फरक इतका थोडा होतो की हौशी माणसाने त्यापायी काडतूस बदलू नये. म्हणूनच जवळच्या पल्ल्याला मी .२२३ म्हटलं होतं. नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा) आठ इंचांत एक फेरा घेणारे असतील तर त्यातून ७७ ग्रेनची गोळी स्थिर जाते, धक्का नगण्य असतो आणि नळी हजारो गोळ्या टिकते. जुन्या, बारा इंचांत एक फेरा घेणाऱ्या नळीतून मात्र ती जड गोळी स्थिर होणार नाही, हे घेण्याआधी पाहून घ्या.

धक्क्याचा विषय तुम्ही एका वाक्यात उडवून लावलात, त्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. मॅग्नमचा धक्का क्रीडमूरच्या जवळपास दुप्पट असतो. सहन होत नाही असं मी म्हणत नाही, तुम्हाला होईलच. प्रश्न असा की गोळी सुटल्यावर स्कोपमधून तुम्हाला काय दिसतं. हलका धक्का असेल तर लक्ष्य काचेतून हलत नाही, गोळी कुठे पडली, धूळ कोणत्या बाजूला उडाली, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं आणि पुढची गोळी त्यावरून सुधारता येते. मॅग्नममध्ये ज्या क्षणी शिकायचं असतं त्या क्षणी तुम्ही आभाळ पाहत असता. त्यात भर म्हणजे जोरदार धक्क्याची सवय झाल्यावर शरीर गोळी सुटण्याच्या आधीच आखडायला लागतं आणि ते आखडणं जायला फार काळ लागतो. मझल ब्रेकने (नळीच्या तोंडाशी बसवलेल्या, वायू बाजूला वळवणाऱ्या तुकड्याने) धक्का कमी होतो, पण शेजारच्या जागेवर बसलेल्या माणसाच्या कानांचे हाल होतात.

नळीचं आयुष्यही याच धाग्यात येतं. .३०८ ची नळी पाच हजार किंवा त्याहून जास्त गोळ्या अचूक चालते. क्रीडमूरची दोन ते तीन हजार. .३०० विन मॅगची हजार ते दोन हजारांच्या दरम्यान, तीही जपून वापरली तर. कारण साधं आहे: .३०८ एवढ्याच जाडीच्या नळीतून जवळपास पावणेदोनपट दारूचा तप्त वायू जातो आणि जिथून आटे सुरू होतात तो भाग आधी खातो. तुम्ही म्हणता, हौशी माणूस एवढ्या गोळ्या झाडतोच कुठे? झाडायला हव्यात, एवढंच माझं म्हणणं आहे. वारा वाचायला दुसरा रस्ता नाही. जे काडतूस महाग पडतं, खांदा दुखवतं आणि नळी खातं, ते माणसाला कमी गोळ्या झाडायला लावतं. काही रेंजवर तर नळीच्या तोंडाशी असलेल्या ऊर्जेवर मर्यादा असते, तिथे मॅग्नमसाठी वेगळी परवानगी लागते.

क्रीडमूरच्या इतिहासाबद्दल तुमचं म्हणणं अर्धं मान्य. स्वीडिश ६.५×५५ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं आहे, .२६० रेमिंग्टन १९९७ चं. दोन्हींतून तीच गोळी जवळपास त्याच वेगाने जाते, आणि यांपैकी एखादी रायफल ज्याच्याकडे आहे त्याने क्रीडमूर घेण्याचं काहीही कारण नाही. पण २००७ साली काडतुसं बनवणाऱ्या हॉर्नेडी कंपनीने क्रीडमूर आणलं ते लक्ष्यभेदासाठी विचार करून. पुंगळी .२६० पेक्षा सुमारे तीन मिलिमीटर आखूड ठेवली, त्यामुळे लांब गोळी पुंगळीत फार आत न खुपसता आखूड मॅगझिनमध्ये मावते. बहुतेक रायफलींना आठ इंचांचे आटे मिळाले आणि चांगल्या मॅच गोळीचं तयार काडतूस पेटीत मिळू लागलं. जो स्वतः काडतुसं भरत नाही त्याच्यासाठी ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी आहे. जाहिरात झाली हे खरं, पण नुसत्या जाहिरातीवर काडतूस इतकी वर्षं टिकत नाही.

मॅग्नमला माझा सरसकट विरोध नाही. बाराशे-पंधराशे मीटरची रेंज खरोखर हाताशी असेल, पायाभूत नेमबाजी पक्की असेल आणि नळी बदलण्याची तयारी असेल, तर जरूर घ्या. तुमचं सगळ्यात लांब अंतर नऊशे मीटर आहे असं तुम्हीच लिहिलंय.

तेव्हा .३०८ विकू नका. १७५ ग्रेनच्या मॅच गोळीची तयार काडतुसं आणा, आधी शंभर मीटरवर शून्य जुळवा (स्कोपचा नेम आणि गोळी एकाच बिंदूवर आणा), मग सहाशे, आठशे, नऊशे अशा क्रमाने जा आणि कागदावरची भोकं गोल आहेत का पाहा. सोबत एखादी अचूक .२२ एलआर (लहान, हलक्या काडतुसाची रायफल) मिळाली तर तिच्यावर वारा शिका. दोनशे मीटरवर वारा तिची गोळी जेवढ्या कोनात सरकवतो, जवळपास तेवढ्याच कोनात तो .३०८ ला सातशे-आठशे मीटरवर सरकवतो, आणि .२२ मधून दिवसभर गोळ्या झाडता येतात. तुमच्या .३०८ चे आटे किती इंचांत एक फेरा घेतात आणि नळी किती लांब आहे, हे खाली लिहा. बारा इंचांचे आटे आणि आखूड नळी असेल तर १५५ ग्रेनची पाल्मा (लांब पल्ल्याची एक स्पर्धा) पद्धतीची गोळीही विचारात घ्यावी लागेल, त्याचं गणित मग आपण इथेच मांडू.