पाव किमतीची बॉक्स्टर आणि पूर्ण किमतीचे पार्ट

नव्या गाडीच्या पाव किमतीत पोर्शे अशी जाहिरात दिसली की भल्याभल्यांचे हात शिवशिवतात. पहिल्या मालकाने घसारा सोसला, आपल्याला आयती मिळाली, हा हिशोब अर्धाच खरा आहे. घसारा लागतो गाडीच्या भावाला. क्लच, ब्रेक डिस्क, सस्पेन्शन यांचे भाव नव्या पोर्शेचेच राहतात, वर आयात शुल्क.

पोर्शेच्या छप्पर दुमडणाऱ्या दोन सीटच्या बॉक्स्टरचंच घ्या. 2008 पर्यंतच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे चेनमार्फत व्हॉल्व्हची यंत्रणा फिरवणाऱ्या दांड्याचं बेअरिंग आहे, सगळे त्याला आयएमएस म्हणतात. साधारण 2000 ते 2005 दरम्यानच्या बहुतेक गाड्यांत ते सिंगल रो, म्हणजे गोळ्यांच्या एकाच रांगेचं आणि सर्वांत नाजूक. ते फुटलं की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ जातो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच आणि मागचं ऑइल सील त्याच वेळी उरकायचं. मजुरी एकदाच लागते. 2006 ते 2008 मध्ये मोठं बेअरिंग आलं. ते कमी फुटतं, पण इंजिन न उघडता निघत नाही. 2009 पासूनच्या इंजिनात ही भानगडच नाही. माझं मत विचाराल तर जास्त पैसे मोजा, पण 2009 नंतरचीच घ्या.

जुनीच घ्यायची असेल तर सौद्याआधी ऑइल फिल्टर उघडायला लावा. कागदी घड्या कापून उजेडात पसरा. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर पोलाद, म्हणजे बेअरिंगचा संशय. तिथेच हात जोडून निघायचं. तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे चेनच्या पॅडचे असू शकतात, ते त्यामानाने सौम्य. 3.4 लिटरच्या जुन्या एस मॉडेलमध्ये सिलिंडरला ओरखडे पडतात, तेव्हा बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा, आत घालून बघायलाच हवं. विकणारा या तपासणीला नाही म्हणाला, तर उत्तर मिळालंच समजा.

किलोमीटर कमी म्हणून भाव वाढवून मागतात, त्याला भुलू नका. उभ्या गाडीचे टायर, होस, सील, बॅटरी वयाने मरतात. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, वय झालेले टायर खर्चातच धरा.

आता विमा, जिथे घसारा दोन्हीकडून चावतो. गाडी पाच वर्षांची झाली की आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, आणि प्रीमियम वाचवायला लोक तो खाली ओढतात. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे विम्याच्या लेखी दुरुस्तीपलीकडची. पार्ट नव्या भावाचे, आयडीव्ही जुन्या भावाचा, मग पुढचा बंपर, हेडलॅम्प आणि रेडिएटर एवढ्यातच हा आकडा गाठला जाऊ शकतो. झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर प्लॅस्टिक-रबराच्या पार्टचे निम्मे पैसे कापले जातात, दहा वर्षांपुढच्या गाडीत धातूच्या पार्टचेही निम्मे. आयडीव्ही कमी करून वाचवलेले चार पैसे असे अंगाशी येतात.

दुसऱ्या राज्याचं पासिंग असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स वेगळा. पंधरा ते वीस वर्षांच्या आयात गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 40,000 रुपये, जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स निराळा.

आणि आपला पावसाळा. छप्पर दुमडतं त्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी निघून जायच्या नळ्या असतात. पानांनी त्या तुंबल्या की पाणी आत शिरतं, आणि 2004 पर्यंतच्या बॉक्स्टरमध्ये सीटखालीच अलार्म-इमोबिलायझरचा कंट्रोल युनिट बसवलेला आहे. तो भिजला की गाडी सुरूच होत नाही. मे महिन्यात जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने घालून नळ्या मोकळ्या करायच्या. हवेचा प्रेशर मारला तर नळी आतून निसटते आणि पाणी थेट केबिनमध्ये येतं.