बसल्यावर उंच

शिवाजी मंदिरात नाटकाला गेलो, की मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, "अहो, जरा मान खाली घेता का?" मी घेतो. मध्यंतरात बटाटेवड्यासाठी उठलो, की तोच गृहस्थ माझ्याकडे बघत राहतो. मघाचा डोंगर गेला कुठे? देवानं मला घडवायला डोक्याकडून सुरुवात केली, कंबरेपर्यंत हात सढळ ठेवला आणि पायांशी येईतो माती संपली. 46 वर्षं याचा त्रास फक्त मागच्या रांगेला होता. मग मी रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल घ्यायचं ठरवलं.

लहानपणी सायकलला माप असतं हेच ठाऊक नव्हतं. भाड्याच्या दुकानात उभी असेल ती आपल्या मापाची. 22 इंची असो की 24 इंची, दांडीवरून पाय पोचत नसेल तर दांडीखालून घालायचा आणि हाफ पेडल मारत चाळीला प्रदक्षिणा. आता मात्र दुकानातल्या पोरानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाइट?"

"170 सेंटिमीटर."

त्यानं भिंतीवरच्या तक्त्यावर बोट टेकवलं. "फ्रेम 54. मीडियम." बनियनचा नंबर सांगावा तसं. शेजारीच दुसऱ्या कंपनीचा तक्ता होता, त्यात मी स्मॉल निघालो. म्हणजे दोन फूट डावीकडे सरकलो की मी आकसत होतो.

54 ओलांडून उभा राहिलो. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, निदान तसा यत्न केला. त्याआधी दांडीच टेकली, आणि नको तिथे टेकली. "दोन-तीन बोटं तरी जागा मोकळी पाहिजे, काका," पोरगा म्हणाला. माझा श्वाससुद्धा मोकळा राहिला नव्हता.

"उंचीवर जाऊ नका, पायाची आतली लांबी मोजा," असा सल्ला ऑफिसातल्या सायकलवाल्या मित्रानं दिला. पद्धत सोपी. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन मांड्यांमध्ये धरून खोगिरासारखं घट्ट वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. मी फडताळातलं सगळ्यात जाड पुस्तक काढलं.

"अहो, ती पोथी आहे! कुठे घालताय?"

पोथी परत गेली. शब्दकोश सासऱ्यांनी दिलेला, तोही बाद. शेवटी मुलाचा शाळेचा नकाशासंग्रह मिळाला. टेप हिनं धरली, तोंड दुसरीकडे करून, आणि तेवढ्यात दूधवाल्यानं बेल वाजवली. आकडा आला 75 सेंटिमीटर. जुना हिशेब असा, की त्याला 0.67 नं गुणलं की फ्रेमचा नंबर मिळतो आणि 0.883 नं गुणलं की पेडलच्या मधल्या धुरीपासून सीटची उंची. फ्रेम 50, सीट 66.2. इतकं अचूक उत्तर मला दहावीतही आलं नव्हतं.

50 वर बसलो. पाय खूश. वरचं धड मात्र शिशुवर्गाच्या बाकावर पालकसभेला बसलेल्या बापासारखं. कोपरं कुठे ठेवायची कळेना आणि गुडघे अधूनमधून कोपरांची चौकशी करून जात.

दरम्यान एका रविवारी मित्राची सायकल मागून नेली. सी-लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, तिन्हीकडे सायकलला मज्जाव. तेव्हा पहाटे साडेचारला मुलुंडहून पूर्व द्रुतगती मार्गानं निघालो आणि उजाडता उजाडता मरीन ड्राइव्ह गाठलं. समुद्र छान होता असं म्हणतात. मी उजव्या हाताची करंगळी बघत होतो. ती आणि शेजारची अनामिका, दोघी झोपल्या होत्या. कटिंग दोन्ही तळव्यांत धरून तीर्थासारखा प्यायलो. हँडल लांब आणि खोल असलं की अंगाचा भार तळव्यावर येतो, तिथली नस दबते, हे नंतर कळलं.

सांगितलं ते ठाण्याच्या फिटिंगवाल्या, म्हणजे अंगाच्या मापानं सायकल जुळवून देणाऱ्या मुलानं. फ्रेमवरचा नंबर ही मुळात सीटखालच्या नळीची लांबी. दांड्या उतरत्या झाल्यापासून तोही भरवशाचा राहिला नाही. बघायचं ते स्टॅक आणि रीच. पेडलच्या धुरीपासून हँडलच्या नळीचं वरचं टोक किती उंच, तो स्टॅक. किती पुढे, तो रीच. शर्यतीची फ्रेम लांब आणि बुटकी, लांब पल्ल्याच्या आरामाची त्यामानानं आखूड आणि उंच. माझं लांब धड म्हणत होतं रीच वाढवा. ते धड वाकवणारी कंबर म्हणत होती स्टॅक वाढवा. पाय म्हणत होते आम्हाला विचारतं कोण? तीन पक्षांचं सरकार महाराष्ट्राला नवं नाही, पण इथे मीच तिन्ही पक्ष आणि मीच जनता.

आमचा शिंपी अशा वेळी काही बोलत नाही. तयार पँट आणली की चार इंच कापतो आणि तुकडा पिशवीत घालून परत देतो. कार्बनच्या फ्रेमला असा शिंपी नाही.

या मुलानं मला आधी पन्हळी पुठ्ठ्यावर बसवलं. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसले. त्यांच्यातलं अंतर मोजून त्यानं सीटची रुंदी काढली. इतक्या गांभीर्यानं माझ्या बैठकीकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मग चक्क ओळंबा काढला, गवंड्याचा असतो तसा, आणि पेडल आडवं ठेवून गुडघ्यावरून सोडला. "सीट पाच मिलिमीटर मागे," तो म्हणाला. पाच मिलिमीटरनं काय होणार, असं मनात आलं, आणि गुडघ्याची कुरकुर थांबली. शेवटी 52 ची आरामाची फ्रेम, जरा लांब स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा), हँडलखाली दोन चकत्या. तासभर चालवली. करंगळी जागी होती. सीट 66.2 वरच ठेवली आणि खूण म्हणून सीटच्या दांड्याला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून घेतली.

तीन आठवडे सुखात गेले. परवा दादाचा मुलगा डोंबिवलीहून आला. सहा फुटी. "काका, कोपऱ्यावरून अंडी आणतो," म्हणून सायकल घेऊन गेला. परतला तो घामाघूम आणि प्रसन्न.

"काका, सीट केवढी खाली घसरली होती तुमची! मी वर करून दिलीय. आणि कुणीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती, तीपण काढून टाकली."