रोजचा एक फोटो आणि आपला ब्यूटी मोड

रोज स्वतःचा फोटो काढणारा माणूस म्हणजे स्वतःवरच भाळलेला, असं परवा दुकानात एका दोस्तानं ठोकून दिलं. मला नाही पटलं. सेलूत माझा फोटो स्टुडिओ आहे. स्वतःवर भाळलेली माणसं मी सकाळ-संध्याकाळ बघतो, ती अशी नसतात.

विषय निघाला होता नोआ कलिनाचा. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर. ११ जानेवारी २००० ला, एकोणीस वर्षांचा असताना, त्यानं रोज स्वतःचा एक फोटो काढायला सुरुवात केली. ऑगस्ट २००६ मध्ये २,३५६ फोटो एकामागं एक लावून पावणेसहा मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. सेकंदाला सहा-सात फोटो सरकतात. डोळे एकाच जागी, बाकी सगळं थरथरतं. केस वाढतात, कापले जातात, मागच्या खोल्या बदलतात. अन् गडी एकदाही हसत नाही. तिथंच थांबलाही नाही तो. २०२० ला वीस वर्षांचा व्हिडिओ आला.

ते न हसणंच मला भारी वाटतं. माझ्याकडं फॉर्मला चिकटवायच्या पासपोर्ट फोटोला आलेलं लेकरूसुद्धा खुर्चीवर बसायच्या आधी आरशात बघतं, केसावरून पाण्याचा हात फिरवतं. फोटो स्क्रीनवर आला की ठरलेलं वाक्य : "भाऊ, जरा गोरा करा की." मी करतोही, धंदा आहे. पण कलिनानं रोज जसा उठला तसा चेहरा दिला. झोप झालेली असो-नसो, डोळे सुजलेले असोत. ह्याला आत्मप्रेम कसं म्हणायचं? मला तर ती हजेरी वाटते.

ह्या प्रकारात त्याच्या आधीचेही लोक आहेत. बोस्टनकडचे कार्ल बेडन २३ फेब्रुवारी १९८७ पासून रोज स्वतःचा फोटो काढतात, सगळं होता होईल तेवढं सारखं ठेवून. १९९१ मध्ये त्यांचा एक दिवस हुकला, तोही त्यांनी लपवला नाही. आणि तैवानमधून अमेरिकेत गेलेला तेहचिंग शे तर वेगळंच रसायन. एप्रिल १९८० पासून वर्षभर दर तासाला, रात्रीसुद्धा, कारखान्यात असतं तसलं हजेरीचं कार्ड पंच करायचं आणि फिल्मची एक फ्रेम घ्यायची. वर्षाचे ८,७६० तास, त्यातले १३३ हुकले. सुरुवातीला टक्कल केलं होतं, म्हणजे केसांवरून दिवस कळावेत. त्या अख्ख्या वर्षाची फिल्म सहा मिनिटांत संपते.

आता आपल्याकडं या. आमच्या भागात कित्येक म्हाताऱ्या माणसांचा पहिला मोठा फोटो ती गेल्यावर तयार होतो. लग्नाच्या अल्बममधला ग्रुप फोटो घेऊन पोरगा येतो. त्यात आजी मागच्या रांगेत, अर्ध्या चेहऱ्यावर कुणाच्या तरी फेट्याची सावली. "एवढी एक काढून मोठी करा, तेराव्याला लागती." मग तिच्या डोक्यावरचा पदर मी दुसऱ्याच बाईच्या फोटोतून आणून बसवतो. घरात चार-चार मोबाईल, त्यात पोरांच्या हजारो सेल्फ्या. आजीकडं कॅमेरा वळवायचं कुणाच्या ध्यानात आलेलं नसतं.

मला विचाराल तर असा व्हिडिओ ऊसतोडीला जाणाऱ्या एखाद्या कोयत्यानं, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीनं, करावा. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली त्या दिवसापासून साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, दोघांचा रोज एक फोटो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथून गेलेलं तोंड अन् उन्हाळ्यात परत आलेलं तोंड ह्यांतला फरक मी दुकानात बसून बघतो. मधले महिने मला दिसत नाहीत. भाषणांमध्ये ते येतात, पण तोंडी लावायला.

अडचण मोबाईलचीच आहे. पुढच्या कॅमेऱ्यात ब्यूटी मोड पुष्कळदा आधीपासून चालूच असतो. उन्हानं रापलेला गाल, डोळ्याखालचं काळं, कपाळावरची नवी आठी, म्हणजे ज्यासाठी रोजचा फोटो काढायचा तेच तो पुसून टाकतो. दहा वर्षं नेमानं काढलेत अन् शेवटी चेहरा पहिल्या दिवसासारखाच गुळगुळीत निघाला, तर काय उपयोग? आता म्हातारपण दाखवणारे फिल्टरही आलेत, दोन सेकंदांत साठीचा करतात. पोरं त्यावर खूश. खूश राहा बापहो, पण त्या सुरकुत्या तुमच्या नाहीत.

कुणाला खरंच करायचं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ब्यूटी बंद करा, अन् मोबाईल अपडेट झाला की पुन्हा एकदा बघा. आरशासारखा उलटा फोटो चालू किंवा बंद, काहीतरी एकच ठेवा, नाहीतर व्हिडिओत भांग दर मिनिटाला बाजू बदलेल. मोबाईल नाकाजवळ धरू नका, नाक मोठं येतं. स्क्रीनवर डोळे कुठं येतात तिथं पेनानं दोन टिंबं करा, हसू नका, आणि सगळे फोटो दर महिन्याला दुसरीकडं उतरवून ठेवा. मोबाईल पाण्यात पडला म्हणून रडत येणारं गिऱ्हाईक मला दर पावसाळ्यात भेटतं.