बुक्क्या आणि अर्धा सेकंद

आमच्या घरी एक कुत्रा आहे आणि एक खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा आहे. दोघंही गुणी, पण दोघांचं घड्याळ जुळत नाही. बटण मी आत्ता दाबतो, कॅमेरा फोटो काढतो अर्ध्या सेकंदानंतरचा. तेवढ्यात बुक्क्या चौकटीतून निघून गेलेला असतो. त्यामुळे एकाच कुत्र्याच्या शेपटीचे जेवढे फोटो माझ्याकडे आहेत, तेवढे जगात कुणाकडे नसतील.

(कुत्र्याचं खरं नाव बुक्का. पंढरपुराहून आणलेल्या पुडीतल्या बुक्क्याइतका काळा, म्हणून. हाक मारताना बुक्क्या होतो.)

‘‘अर्धा सेकंद म्हणजे असा किती?’’ बायकोने विचारलं. मी कागद-पेन घेऊन बसलो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. बिस्किटाचा पुडा वाजला की बुक्क्या या वेगाला आरामात जात असावा. म्हणजे अर्ध्या सेकंदात ५ मीटर. आपला हॉल त्याहून लहान. हॉलमध्ये बटण दाबलं तर फोटो निघेपर्यंत कुत्रा जिन्यात.

‘‘मग तुम्ही जिन्यात उभे राहा ना.’’

तिला कल्पना नाही, पण सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. कॅमेऱ्याचा वेळ जातो फोकस शोधण्यात. भिंग जरा पुढे सरकवायचं, जरा मागे आणायचं, कुठे जास्त रेखीव दिसतंय ते पाहायचं, मग उजेड मोजायचा, मग पुन्हा एकदा खात्री करायची. सरकारी फाइल टेबलाटेबलावरून फिरते तसा हा प्रकार. यावर इलाज एकच. कुत्रा जिथून जाणार ती जागा आधीच हेरायची, तिथल्या एखाद्या वस्तूवर बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवायचा, आणि कुत्रा तिथे पोचायच्या किंचित आधी बटण पूर्ण दाबायचं.

म्हणून रविवारी सकाळी सोसायटीमागच्या मैदानात मी माझी चप्पल ठेवली. तिच्यावर फोकस धरला. बायको पलीकडे पुडा घेऊन उभी. बुक्क्या सुसाट निघाला, चप्पलपाशी थांबला, चप्पल तोंडात धरली आणि कुंपणाकडे गेला. चप्पल जिथे होती ती जागा फोटोत अतिशय रेखीव आली आहे. पुढच्या वेळी वीट ठेवली. विटेपाशीही तो थांबतो, पण वेगळ्या कामासाठी. हल्ली मी वाळकं पान ठेवतो. पानात त्याला रस नाही. वाऱ्याला आहे.

फोकस जमला तरी उजेड आडवा येतो. उजेड कमी असला की हा कॅमेरा गुपचूप एकसाठांश सेकंद वगैरे वेळ निवडतो. तेवढ्यात बुक्क्या सोळा-सतरा सेंटिमीटर पुढे सरकतो आणि फोटोत कुत्र्याऐवजी कोळशाने ओढलेला फराटा येतो. एकहजारांश सेकंद मिळाला तर तो जेमतेम एक सेंटिमीटर हलतो. पण तेवढं ऊन हवं, आणि आमच्या मैदानावर ऊन पाण्याच्या टाकीमागून निवांत येतं. शिवाय झूम जितका लांबवावा तितका भिंगातून येणारा उजेड कमी होतो. तेव्हा झूम बंद, आणि आपणच जवळ जायचं.

फ्लॅशचं नाव काढू नये. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, अंधारात दिसावं म्हणून. फ्लॅश त्यावरून परततो. मध्यरात्री आंब्याच्या झाडाखाली जे दोन हिरवे दिवे दिसल्याचं आजी सांगायची, ते आमच्या अल्बममध्ये दिवाणखान्यात बसलेले आहेत.

कॅमेऱ्यात कुत्र्याच्या चित्राचीही एक खूण आहे. ती लावली की तो म्हणे पाळीव प्राण्याचा चेहरा ओळखून आपणहून फोटो काढतो. बुक्क्याचा काळा चेहरा त्याने आजवर ओळखलेला नाही. देवापुढच्या नारळाला मात्र त्याने ताबडतोब चौकट लावली आणि फोटो काढला. नारळ हललाही नाही. फार सुरेख आला आहे.

सगळे जाणकार सांगतात, कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीला या. आलो. मैदानात पालथा पडलो, कोपरं टेकली, बटण अर्धं दाबलं. पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून ओरडल्या, ‘‘अहो, चक्कर आली का? साखर-पाणी देऊ का?’’ आणि माणूस जमिनीवर पडला याचा बुक्क्याच्या भाषेतला अर्थ एवढाच, की खेळायला बोलावतोय. पुढचा फोटो जिभेचा आहे. भिंगाच्या आतून.

अशा वेळी मला एडवर्ड मायब्रिज या जुन्या छायाचित्रकाराचा हेवा वाटतो. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला त्याने घोड्याच्या वाटेवर ओळीने १२ कॅमेरे मांडले आणि प्रत्येकाचा दोरा वाटेवर आडवा ताणला. घोडा धावत दोरे तोडत गेला आणि स्वतःचे फोटो काढत गेला. बटण दाबायची भानगडच नाही. त्यातून सिद्ध झालं, की दौडताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात. ग्रेहाउंडसारखे धावरे कुत्रे त्याच्याही वरचढ: एका झेपेत ते दोनदा अधांतरी होतात, एकदा अंग ताणून आणि एकदा पाय पोटाशी घेऊन. आपल्याकडच्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याचंही तसंच. बुक्क्यात कारवानीचा अंश असावा, असं माझं मत आहे. बायकोच्या मते तो भाजी मंडईचा आहे. काही असो, एका झेपेत दोन संधी मिळत असतील, तर माझ्यासारख्याने त्या सोडू नयेत.

गेल्या रविवारी ते जमलं. ऊन टाकीच्या वर आलेलं, वारा पडलेला, पान जागेवर. बुक्क्या सरळ अंगावर न येता आडवा चालला होता, म्हणजे फोकस बदलायचा प्रश्न नाही. मी कंबर त्याच्याबरोबर फिरवत नेली (कंबर अजून तिथेच आहे), आणि तो पानाच्या अलीकडे असतानाच बटण दाबलं. चारही पाय हवेत! कान मागे, डोळ्यांत चमक, मातीचे कण सुटे सुटे मोजता येतील असे. मी लगेच तो फोनवर उतरवून अमेरिकेतल्या भाच्याला पाठवायला घेतला.

बायकोने फोन हातातून काढून घेतला. चित्रात बुक्क्याच्या मागे ती स्वतः होती: गाउनवर ओढणी, केसांना क्लिप, एका हातात पुडा, आणि ‘बुक्क्याऽऽ’तला ‘क्या’ उच्चारताना होतं तेवढं तोंड उघडं. तीही अगदी रेखीव.

‘‘हा फोटो अमेरिकेत जाणार नाही.’’

‘‘अगं, तुला कापून टाकतो ना.’’

ते करून पाहिलं. पण ती बरोबर बुक्क्याच्या मागच्या पायांवर उभी आहे. तिला कापलं की हवेत दोनच पाय उरतात, आणि तसे फोटो माझ्याकडे पुष्कळ आहेत.

‘‘पुढच्या रविवारी परत काढा,’’ ती म्हणाली. ‘‘मी साडी नेसून येते.’’