लहान चण म्हणून लहान पिस्तूल?

"अंगाने बारीक असाल तर सगळ्यात लहान आणि हलकं पिस्तूल घ्या" हे पिस्तूल निवडण्यावरच्या लेखातलं वाक्य काय पटलं नाही बुवा. मी जेमतेम पाच फूट, हात बारके, म्हापशाला सोन्याचं दुकान म्हणून लायसन काढलंय. हलकं हत्यार धक्का जास्त देतं आणि मूठ इतकी आखूड की करंगळी खाली लोंबते, मग पकड बसणार कुठून? त्यात छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग बऱ्याचदा उलट जास्त कडक, स्लाईड (गोळी भरायला मागे ओढतात तो वरचा सरकता भाग) ओढताना घामेजलेला हात सटकतो, आणि मे महिन्यात आपल्या गोव्यात हात कोरडा असतो कोणाचा! आणि लहान असलं की लपतं म्हणाल, तर कपड्यातून दिसतं ते मुठीचं टोक, नळी नव्हे. नळी बोटभर लांब असली तरी कमरपट्ट्याच्या आत जाते, पण बारीक अंगावर मूठ कुर्त्यातून लगेच वर येते.

कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्वर २०१४ मध्ये खास बायकांसाठी म्हणून आलं, ०.३२ बोअर (नळीच्या भोकाचं माप), वजन साधारण ५०० ग्रॅम, पण मला त्याचा ट्रिगर जडच वाटला. दुकानात रिकामं हातात धरून बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट बसतं का तेवढं बघा, रंगबिंग नंतर. आणि पर्समध्ये तर ठेवूच नका, बाईकवाला पर्स हिसकावून गेला तर पिस्तूलही त्याचंच.