खुलासा: अलाइनमेंट केल्यानं खडखड जात नाही

सोलापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: खड्ड्यात पुढून खडखड आली, स्टिअरिंग ढिलं वाटलं, तर अलाइनमेंट करा, बास. हे चूक आहे आणि धोक्याचंही. अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन जुळवतात. झिजलेला पार्ट त्यानं नीट होत नाही, आणि जुळवलेला कोनही टिकत नाही.

पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावाच. डावी-उजवीकडून धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर बहुतेक टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा रॉड चाकाला जोडणारा सांधा) गेलाय. वर-खाली धरल्यावर प्ले असेल, तर बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग बघा. या सांध्यांवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून ग्रीस बाहेर आलंय का, तेही पाहा. आपल्याकडची धूळ आत शिरली की जॉइंट लवकर झिजतो. बॉल जॉइंट निखळला तर चालत्या गाडीचं चाकच आडवं होतं. म्हणून आधी पार्ट बदला, अलाइनमेंट त्यानंतर.